चित्र दिसते, पण आवाज कोठे गेला?

शाळाभेटीत एके ठिकाणी उत्तम प्रोजेक्टर कपाटात बंद आढळला. “चित्र दिसते, आवाज येत नाही, यंत्र बिघडले आहे,” असे गुरुजी म्हणाले. वस्तुतः यंत्र निर्दोष होते. संगणकापासून प्रोजेक्टरकडे गेलेली पंधरा पिनांची व्हीजीए तार केवळ चित्र वाहते; ध्वनीसाठी संगणकापासून ध्वनिक्षेपकाकडे निराळी तार न्यावी लागते. एवढ्या अज्ञानापायी मुलांनी वर्षभर काहीच पाहिले नव्हते.

जुन्या तीन टोकांच्या तारेत पिवळे टोक चित्राचे, पांढरे व तांबडे ध्वनीचे असते. २००२ साली निघालेल्या एचडीएमआय पद्धतीत मात्र एकच तार चित्र व ध्वनी दोन्ही नेते.

काही शाळांस देणगीरूपाने रिसीव्हर, म्हणजे अनेक यंत्रांचे चित्र व ध्वनी स्वीकारणारी पेटी, मिळाला आहे. तेथे संगणक, डीव्हीडी यंत्र इत्यादींच्या एचडीएमआय तारा रिसीव्हरच्या ‘इन’ खाचांत लावाव्यात व ‘आउट’मधून एकच तार प्रोजेक्टरकडे न्यावी. चित्र पुढे जाते. ध्वनी रिसीव्हरला जोडलेल्या ध्वनिक्षेपकांतून उमटतो. तार ज्या खाचेत आहे, तिचेच नाव रिमोटने निवडावे. पुष्कळसे तथाकथित बिघाड येथेच सापडतात! प्रोजेक्टरऐवजी टीव्ही असून त्याचा स्वतःचा आवाज रिसीव्हरवर हवा असेल, तर दोहोंवरील ‘एआरसी’ लिहिलेल्या खाचा जोडाव्यात.

जोडणी वीज बंद करूनच करावी. प्रत्येक तारेस नावाची चिठ्ठी चिकटवावी, म्हणजे बदलीने येणाऱ्या शिक्षकास अडचण पडणार नाही.