आवाजातला ज

साताऱ्यातल्या एका कॉलेजची लँग्वेज लॅब. हेडफोन बाजूला आहेत. आज मॅडमनी छोटे आरसे वाटलेत. "व्हेरी म्हण बरं." माण तालुक्यातली बी. ए.ची मुलगी म्हणते, आणि त्यात ह मिसळतोच. मिसळणारच. इंग्रजी व्ही आपण मराठीत व्ह लिहितो, आणि लिहिलेलं सगळं उच्चारायचं हे आपलं वळण. "ह विसर. वरचे दात खालच्या ओठाला टेकव." ती आरशात बघून पुन्हा म्हणते. जमतं. "आता वेट. दात नकोत, ओठ गोल कर." पुन्हा दातच टेकतात.

पुढचा शब्द एक जण 'लिस्टन' वाचतो. मॅडम म्हणतात, "लिसन."

"पण मॅडम, मधी टी हाय की!"

त्याचं बरोबर आहे. अक्षर आहे आणि ध्वनी नाही, हे देवनागरीवर वाढलेल्या मुलानं सहज का मानावं?

'इज'पाशी सगळा वर्गच अडतो. शेवटचा ज जड पडतो. मॅडम फळ्यावर दोन मराठी शब्द लिहितात: जीभ, आवाज. मुलं मोठ्यानं म्हणतात, थांबतात, परत म्हणतात. दोन्ही ज वेगळे! जन्मापासून बोलताहेत, पण कुणी दाखवलं नव्हतं. "आवाजातला ज घ्या," मॅडम म्हणतात, आणि इज स्वच्छ उमटतो. उच्चार शिकवायचा तर तो असा, मुलाच्या तोंडात आधीच असलेल्या ध्वनीपासून.

संध्याकाळी सांगलीत, विश्रामबागेत, मुलाखतीचा सराव चाललाय. जत तालुक्यातला एक मुलगा उभा आहे. घरी कन्नड, शाळा मराठी. इंग्रजी त्याची तिसरी भाषा. महाराष्ट्रात २००० साली इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं, पण शिकवणारे बहुतेक स्वतः पाचवीपासून, तेही पुस्तकातूनच शिकलेले. ध्वनी कानावर पडणार कुठून?

तो 'एव्हरी'ला 'येव्हरी' म्हणतो. मागे हसू फुटतं. मुलगा गप्प. मला राग येतो; या हसण्यानं मुलांची तोंडं कायमची मिटतात.

सर हसणाऱ्यांनाच उठवतात. "फोटोग्राफी म्हणा." सगळी अक्षरं एकाच वजनाची येतात. सर टेबलावर ठोका देतात: फोटोग्राफमध्ये 'फो'वर, फोटोग्राफीत 'टो'वर. ठोका सगळ्यांचाच चुकतो. दोन-तीनदा ऐकून जतचा मुलगा तो आधी पकडतो.

मग तो आपलं वाक्य पुन्हा म्हणतो. 'येव्हरी' तसंच आहे. सर ते सोडून देतात. वाक्य नीट कळलंय. "नेक्स्ट," म्हणून ते पुढचा प्रश्न विचारतात.