वाचलेल्या वर्षाचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की पूर्वी घरोघरी एकच प्रश्न विचारला जाई : शाखा कोणती? आता त्याला दुसऱ्या प्रश्नाची जोड मिळाली आहे : वर्षे किती? तीन वर्षांची पदवी, तीवर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर नोकरीचा शोध, हा रस्ता कापसाच्या किंवा केळीच्या पैशांवर मुलांना शिकवणाऱ्या कुटुंबांना लांबचा वाटू लागला असल्यास नवल नाही.

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी या अडचणीवर एक तोडगा काढला आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षातच विद्यार्थ्याने पदव्युत्तर वर्गाचे काही विषय घ्यावेत, ते दोन्ही पदव्यांसाठी मोजले जावेत आणि सहा वर्षांचे काम पाच वर्षांत संपावे, असा तो तोडगा आहे. ज्या विषयांत ही सोय मिळते, त्यांत फौजदारी न्यायव्यवस्था हा एक आहे. पोलीस, न्यायालय आणि तुरुंग या तिन्हींचा एकत्र विचार करणारा हा विषय आपल्याकडे स्वतंत्र विषय म्हणून फारसा रुळलेला नाही. तथापि त्याची गरज आता झपाट्याने वाढत आहे आणि जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्यांपुढे तो येणार हे उघड आहे. अशा वेळी एक वर्ष वाचते, एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. ते वर्ष कशातून वाचते आणि वाचल्यावर कोठे खर्च होते, याचा हिशेब मांडला पाहिजे.

कल्पना जुनी, नाव नवे

वर्ष वाचवण्याची कल्पना आपल्याला अपरिचित नाही. वकिलीच्या शिक्षणात ती चार दशकांपूर्वीच आली. तीन वर्षांची पदवी आणि त्यानंतर तीन वर्षांचे एल्एल्.बी. अशी सहा वर्षे लागत. बार कौन्सिलने १९८२ मध्ये बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचा मार्ग खुला केला. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात १९८८ पासून वर्ग सुरू झाले आणि या अभ्यासक्रमाला प्रतिष्ठा मिळाली. पुढे २००८ च्या नियमांनी पाच वर्षांत दोन पदव्या देणारी एकात्मिक पद्धत पक्की केली. २०१३ पासून काही विद्यापीठांत एल्एल्.एम्. ही पदवीही दोनऐवजी एका वर्षात मिळू लागली. म्हणजे ज्या प्रवासाला पूर्वी आठ वर्षे लागत, तो आज सहा वर्षांत पुरा होऊ शकतो. कागदावर दोन वर्षे वाचली आहेत.

विज्ञान शाखेतही हेच घडले आहे. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात पदवी आणि पदव्युत्तर पदवी एकत्र देणारा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. खानदेशातून सुरतेच्या गाडीने गुजरातेत जाणे हे मुंबई-पुण्यास जाण्याइतकेच नित्याचे असल्याने इकडच्या विद्यार्थ्यांना तो दूरचा नाही. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाची पदव्युत्तर पदवी मान्य केली आणि महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून हे धोरण लागू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने तर अधिक श्रेयांक घेऊन ठरलेल्या मुदतीआधी पदवी पुरी करण्याची मुभाही दिली आहे. दारे उघडली आहेत. आत काय आहे ते पाहणे आता शिक्षकांचे आणि पालकांचे काम आहे.

जमा आणि खर्च

एका वर्षाची किंमत किती? पालक सहसा फी मोजतात. खर्च तेवढाच नसतो. समजा, जळगावात खोली व खानावळ धरून विद्यार्थ्याला महिन्याला आठ हजार रुपये लागतात. दहा महिन्यांचे ऐंशी हजार झाले. तोच मुलगा नोकरीत असता आणि महिन्याला पंधरा हजार मिळवता, तर वर्षाचे एक लाख ऐंशी हजार त्याने गमावले. दोन्ही मिळून दोन लाख साठ हजार. यात बुडालेली कमाई खर्चाच्या दुपटीहून अधिक आहे. म्हणून गरीब घरासाठी एक वर्ष कमी होणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. श्रीमंताला ते वर्ष परवडते. हातावर पोट असणाऱ्याला परवडत नाही, आणि म्हणूनच त्याचा मुलगा पदव्युत्तर वर्गापर्यंत पोहोचत नाही.

परंतु या हिशेबात एक मोठा 'जर' आहे. वाचलेल्या वर्षात नोकरी मिळाली, तरच ती कमाई जमेस धरता येईल. प्रत्यक्षात काय होते? पोलीस शिपाई होण्यास बारावी पुरेशी आहे. राज्य लोकसेवा आयोगामार्फत उपनिरीक्षक होण्यास कोणतीही पदवी चालते. सरकारी वकील होण्यास कायद्याची पदवी लागते, प्रयोगशाळेत विज्ञानाची. 'फौजदारी न्याय' अशी पदव्युत्तर पदवी यांपैकी कोणत्याही दाराची स्वतंत्र किल्ली नाही. मग महाविद्यालयात वाचवलेले वर्ष विद्यार्थी अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेच्या तयारीत घालवतो. जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांत पहाटेपासून रात्रीपर्यंत बसणारी पदवीधर मुले-मुली पाहिली की हे विधान वेगळे सिद्ध करावे लागत नाही. एका खिशातून वाचवलेले दुसऱ्या खिशातून गेले, एवढेच.

न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यांच्या बाबतीत तर घाईला थेट अटकाव झाला. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेस बसण्यापूर्वी किमान तीन वर्षांची वकिली हवी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिला. त्यामागील विचार स्पष्ट आहे. पुस्तकी ज्ञान लवकर देता येते. माणसे ओळखण्याची जाण लवकर देता येत नाही.

काय कापावे, काय कापू नये

मग वर्ष कमी करूच नये काय? तसे नाही. आपल्या महाविद्यालयीन अभ्यासक्रमात कापण्याजोगे पुष्कळ आहे. पदवीच्या पहिल्या वर्षी शिकवलेली प्रास्ताविके पदव्युत्तर वर्गात पुन्हा शिकवली जातात. प्रवेशाच्या फेऱ्या, परीक्षांचे वेळापत्रक आणि निकालांची वाट यांत महिने जातात. दोन पदव्यांच्या सांध्यावरचा हा काळ काढून टाकला, तर कोणाचेही नुकसान नाही. कापू नये ते क्षेत्रातले काम. दुर्दैवाने घाईच्या वेळी पहिली कात्री त्यालाच लागते. कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवड्यांची उमेदवारी नियमाने आवश्यक आहे. ती प्रशस्तिपत्रापुरती उरली, तर नियम पाळला जातो आणि शिक्षण बुडते.

अमेरिकेने हा धडा किंमत मोजून घेतला आहे. १९६८ च्या कायद्यानंतर तेथील केंद्र सरकारने पोलिसांच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी कर्जे व अनुदाने देण्यास सुरुवात केली. पैसा आला तसे अभ्यासक्रम भराभर निघाले. दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, या शिक्षणाच्या दर्जाची तपासणी करणारा जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्याने त्यातील बऱ्याचशा अभ्यासक्रमांवर कठोर टीका केली. पदव्या वाढल्या, पण त्या प्रमाणात शिक्षण वाढले नाही.

क्षेत्रातले काम का टाळता येत नाही, हे समजण्यास अमेरिकेत जाण्याची गरज नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, आठवडे बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार केले. ते सोलापूर जिल्ह्यातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. भारतीय न्याय संहितेत आता जमावाने केलेल्या हत्येसाठी वेगळी तरतूद आहे. पण कलम पाठ करून ही घटना समजत नाही. भटक्या माणसाकडे पाहताच गाव संशय का घेते, १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाल्यावरही पुसला का गेला नाही, मोबाइलवरची अफवा बाजारात किती वेगाने पसरते, या प्रश्नांची उत्तरे समाजशास्त्र, इतिहास आणि पोलिसांचा अनुभव एकत्र आणल्याशिवाय मिळत नाहीत.

दुसरे उदाहरण जळगावच्या घरकुल प्रकरणाचे. त्यात २००६ मध्ये गुन्हा नोंदवला गेला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. मध्ये तेरा वर्षे गेली. अशा खटल्यात पुरावा रक्ताच्या डागांत नसतो. तो ठरावांत, निविदांत आणि रकमांच्या नोंदींत असतो. तो शोधण्यास हिशेब वाचता येणारा तपास अधिकारी आणि ताळेबंद समजणारा वकील लागतो. पतसंस्थांत आयुष्याची पुंजी अडकलेल्या ठेवीदारांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

तिसरी गोष्ट तुरुंगातल्या माणसांची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार बंदी होते आणि त्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार बंद्यांपैकी तिघांचा खटला संपलेलाच नव्हता. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढल्यास, काही अपवाद वगळता, त्याला सोडण्याची तरतूद केली आहे. पण त्याचे दिवस मोजणार कोण? अर्ज लिहिणार कोण? विद्यार्थ्याचे एक वर्ष वाचावे म्हणून आपण एवढा विचार करतो. ज्याचे वर्ष खटल्याविना तुरुंगात जाते, त्याचे दिवस मोजणारी माणसे तयार करणे हे या शिक्षणाचे खरे प्रयोजन आहे.

खानदेशाने काय करावे?

मागणी निर्माण होण्याची वेळही हीच आहे. १ जुलै २०२४ पासून तिन्ही नवे फौजदारी कायदे अमलात आले. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक करायचे आहे आणि त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. झडती व जप्तीचे चित्रीकरण करावे लागते. संगणकीय पुराव्याच्या प्रमाणपत्रावर तज्ज्ञाची सही लागते. ही माणसे केवळ मुंबई-नागपुरातून पुरवता येणार नाहीत. ती जिल्ह्याजिल्ह्यांत तयार व्हावी लागतील.

खानदेशाजवळ त्यासाठी साधने आहेत. १९९० मध्ये स्थापन झालेले आणि आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ जळगावात आहे. दोन्ही शहरांत विधी महाविद्यालये, जिल्हा न्यायालये आणि कारागृहे आहेत. धुळ्यात पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे, राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे. आणि धुळ्याचा तुरुंग तर शिक्षणाच्या इतिहासात अजरामर आहे. १९३२ मध्ये विनोबांनी तेथे दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ती टिपून घेतली. ज्या तुरुंगात असा वर्ग भरला, त्याच्या भिंती विद्यार्थ्यांना परक्या वाटण्याचे कारण नाही.

मात्र असा पाच वर्षांचा संयुक्त अभ्यासक्रम उभा करताना चार अटी पाळाव्या लागतील. पहिली, तिसऱ्या वर्षाअखेर पूर्ण पदवी हातात पडली पाहिजे. शेतीचे एखादे वर्ष बुडाले किंवा घरच्यांनी लग्न ठरवले म्हणून चौथ्या वर्षी शिक्षण सोडावे लागणाऱ्या मुलीची सारी मेहनत वाया जाता कामा नये. दुसरी, पोलीस ठाणे, न्यायालय आणि कारागृह किंवा परिवीक्षा कार्यालय या तिन्ही ठिकाणी प्रत्येकी काही महिने देखरेखीखाली काम झालेच पाहिजे; ते श्रेयांकांत मोजले जावे, पण कमी करता येऊ नये. तिसरी, हिशेबतपासणी, संख्याशास्त्र आणि अहिराणी-भिली बोलणाऱ्या साक्षीदाराचे म्हणणे नीट लिहून घेण्याचा सराव हे विषय सक्तीचे असावेत. साक्षीदाराची भाषा न समजल्याने जबाब बिघडला, तर पुढे कोणताही कायदा तो सुधारू शकत नाही.

चौथी अट शासनासाठी आहे आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. परिवीक्षा अधिकारी, कारागृह अधिकारी, बालकल्याण आणि पीडित साहाय्य या क्षेत्रांतील भरतीच्या नियमांत या पदवीला स्पष्ट स्थान दिले पाहिजे. ते न देता अभ्यासक्रम काढला, तर संस्थांना फी मिळेल, विद्यार्थ्यांना दोन पदव्या मिळतील आणि अभ्यासिकांतील गर्दी तेवढी वाढेल. प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी व पालकांनी महाविद्यालयाला किती वर्षे लागतील हे जरूर विचारावे. पण त्याआधी दोन प्रश्न विचारावेत : या पदवीने कोणत्या पदासाठी अर्ज करता येतो, आणि पाच वर्षांतले किती महिने वर्गाबाहेर जातील? या दोन प्रश्नांची लेखी उत्तरे जी संस्था देऊ शकेल, तिच्याकडे वाचलेले वर्ष खरोखर वाचलेले असेल.