घरातले विष आणि रांगते मूल

लहान मुलांना होणारी विषबाधा बहुतेक वेळा घरातच होते, आणि तिचे सर्वांत धोक्याचे वय एक ते चार वर्षे. त्याची कारणे मुलाच्या वाढीतच आहेत. सहा-सात महिन्यांचे मूल हाताला लागेल ते तोंडात घालते, कारण वस्तू ओळखण्याचे त्याचे साधन तेच असते. वर्षाचे झाले की ते धरून धरून उभे राहते आणि कपाटाचा खालचा कप्पा उघडते. दीड वर्षाचे खुर्चीवर चढते. अडीच वर्षांचे झाल्यावर आजोबा गोळी कशी घेतात याची ते हुबेहूब नक्कल करू लागते. कडू लागले की थुंकून टाकील, हा मोठ्यांचा भरवसा या वयात खरा ठरत नाही. रॉकेलचा घोट घेतलेली मुले आपल्याकडच्या रुग्णालयांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८च्या अहवालाप्रमाणे २००४ या एका वर्षात जगभर वीस वर्षांखालील ४५ हजारांहून अधिक मुले-मुली विषबाधेने दगावली.

पणजीतल्या फ्लॅटमध्ये आणि पेडणे-डिचोलीतल्या घरात हे विष वेगवेगळ्या रूपांत असते. शहरात संडास साफ करण्याचे ॲसिड, तुंबलेली मोरी मोकळी करणारा कॉस्टिक सोडा, डास पळवणाऱ्या यंत्राची भरणी आणि आजी-आजोबांच्या गोळ्या. गावाकडे यांच्या जोडीला शेती येते. काजूवर ढेकण्या पडला की फवारायची कीटकनाशके पडवीच्या कोपऱ्यात असतात. डिचोली आणि सत्तरीच्या कुळागरांत सुपारीच्या कोळेरोगावर पावसाच्या तोंडी बोर्डो मिश्रण फवारतात. त्यासाठी १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना लागतो. मोरचुदाचे खडे निळेशार आणि काचेसारखे चमकतात, त्यामुळे मुलाला ते खेळणेच वाटते. पोटात गेल्यास उलट्या होतात, रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

गोव्याच्या घरातले आणखी एक द्रव्य विषांच्या यादीत सहसा धरले जात नाही, ते म्हणजे काजूची दारू. मार्च ते मे या काळात भट्ट्या पेटतात, हुर्राक आणि फेणी घरोघर येते आणि मिळेल त्या बाटलीत भरली जाते. दोन्ही पाण्यासारख्या नितळ. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण घरच्या बाटलीवर अजूनही चिठ्ठी नसते. फेणीत साधारण ४२ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे ३० मिलिलिटर फेणीत सुमारे १० ग्रॅम. दहा किलो वजनाच्या मुलाला हे प्रमाण किलोमागे १ ग्रॅम पडते आणि ते गंभीर आहे. यकृत मद्यार्क पचवण्यात गुंतले की नवी साखर तयार करण्याचे काम मागे पडते. लहान मुलाच्या यकृतात साखरेचा साठा मुळात थोडा. त्यामुळे रक्तातील साखर एकदम उतरते आणि मूल झोपेत गेल्यासारखे दिसत असताना त्याला आकडी येते. सर्दीवर छातीला फेणी चोळण्याची चाल जुनी असल्याने ही बाटली पुष्कळदा औषधांच्या शेजारीच सापडते.

या सगळ्या उदाहरणांत एक धागा सारखा दिसतो. वस्तू विषारी आहे एवढ्याने अपघात होत नाही. ती आपल्या मूळ बाटलीतून किंवा वेष्टनातून दुसरीकडे गेली की धोका कितीतरी पटींनी वाढतो. दारावर येणारे सुटे फिनेल शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत घेतले जाते. रंगकाम संपल्यावर उरलेले टर्पेंटाइन पाण्याच्या बाटलीत जाते. उरलेले कीटकनाशक शेजाऱ्याला द्यायचे म्हणून औषधाच्या बाटलीत ओततात. मुलाने अक्षरे शिकलेली नसतात, पण बाटलीचा आकार त्याला पक्का ठाऊक असतो. हा घोटाळा उलट दिशेनेही होतो, आणि त्याचे सर्वांत भीषण उदाहरण बिहारचे आहे. १६ जुलै २०१३ रोजी सारण जिल्ह्यातील गंडामन गावच्या शाळेत माध्यान्ह भोजन घेतलेली २३ मुले मरण पावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. तेल कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यात ठेवले गेले असावे, असा अंदाज तेव्हा व्यक्त झाला.

औषधांनाही हाच नियम लागू होतो. गरोदरपणी सरकारी केंद्रातून मिळणारी लाल, साखरेचे कवच असलेली लोहाची गोळी घ्या. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते आणि ती १८० दिवस घ्यायची असते, म्हणजे घरात साठा मोठा. किलोमागे २० मिलिग्रॅम लोह गेले की पोटाचा त्रास सुरू होतो, ६० मिलिग्रॅमला जीवाला धोका. दहा किलोच्या मुलाला ही पातळी गाठायला दहा गोळ्या पुरतात, आणि दिसायला त्या जत्रेतल्या गोड गोळ्यांहून वेगळ्या नसतात. ज्या घरात गरोदर बाई असते त्याच घरात पुष्कळदा दोन वर्षांचे पहिले मूलही असते. अमेरिकेत १९९७ साली जास्त लोहाच्या गोळ्या सुट्या न विकता एकेक करून वेष्टनात देण्याची सक्ती झाली आणि त्यानंतर लोहाने होणारे बालमृत्यू झपाट्याने घटले. कारण साधे आहे: दहा गोळ्या पत्र्याच्या पट्टीतून एकेक काढताना मूल कंटाळते किंवा कोणाच्या तरी नजरेला पडते. पट्टीतल्या गोळ्या काढून आठवड्याच्या वारांच्या प्लास्टिक डबीत भरणे म्हाताऱ्या माणसाला सोयीचे, पण मिळालेले संरक्षण त्याने संपते. डबी वापरायचीच तर ती कुलपात हवी. मधुमेहाच्या काही गोळ्यांपैकी, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइडची, एकच पोटात गेली तरी लहान मुलाची साखर धोक्याच्या पातळीला उतरू शकते, आणि तेही काही तासांनी. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनची एकच गोळीही लहान मुलाला धोक्याची ठरू शकते.

पॅरासिटामॉलचा घोटाळा वेगळ्या जातीचा, कारण तो मूल करीत नाही, मोठी माणसे करतात. बाळांच्या ड्रॉप्समध्ये १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते. सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५ किंवा २५०. नाव एकच, बाटल्या शेजारी. सिरपचा चमचा ड्रॉप्सला वापरला तर डोस दुप्पट ते चौपट होतो, आणि तापाच्या दोन-तीन दिवसांत तीच चूक होत राहिली की यकृताला इजा होते. स्वयंपाकघरातला चमचा औषधाला वापरू नये, बाटलीसोबतचे मापच वापरावे.

देवघर आणि कपड्यांचे कपाट यांकडे कोणी संशयाने पाहत नाही, म्हणून त्यांचा वेगळा उल्लेख हवा. कापूर गिळल्यास काही मिनिटांतच आकडी येऊ शकते. तान्ह्या-रांगत्या मुलाच्या मृत्यूला १ ग्रॅमच्या आसपासचा कापूर पुरल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. अमेरिकेने १९८२च्या सुमारास मलमांतील कापराचे प्रमाण ११ टक्क्यांवर बांधून टाकले. नाकाला लावायचे कापराचे तेल आणि निलगिरीचे तेल यांनाही हाच धोका. डांबर गोळ्यांतील नॅफ्थलीन काही मुलांच्या तांबड्या पेशी फोडते, विशेषतः जन्मतः जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असलेल्यांच्या. उंदीर मारण्याच्या पिवळ्या फॉस्फरसच्या ट्यूब टूथपेस्टसारख्या दिसतात. त्यावर उतारा नाही, आणि पहिल्या दिवशी ठीक वाटलेल्या मुलाचे यकृत नंतर निकामी होते.

मुलांना उघडता न येणारे झाकण ही कॅनडाची देणगी. ऑंटारिओतील विंडसर येथील बालरोगतज्ज्ञ हेन्री ब्रो यांनी १९६७ साली तळव्याने दाबून फिरवायचे झाकण प्रचारात आणले. अमेरिकेने १९७० साली विषप्रतिबंधक वेष्टनांचा कायदाच केला. मात्र त्या कायद्याखालच्या चाचणीतही दहा मिनिटांत ८० टक्के मुलांना बाटली उघडता आली नाही तरी ती उत्तीर्ण ठरते. म्हणजे पाचातल्या एकाने ती उघडली तरी चालते. झाकणाने फक्त वेळ मिळतो. भारतात असा सर्वव्यापी कायदा नाही. १९७१च्या नियमांप्रमाणे कीटकनाशकांवर रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. पुन्हा तेच, बाटली बदलली की त्रिकोण गेला.

जुन्या घरांत शिंके, माळा आणि उंच फडताळ होते आणि तेवढे पुरे, असा समज होता. उंची उपयोगी आहे, पण पुरेशी नाही, कारण अडीच वर्षांचे मूल चढते. जागा उंच हवी, नजरेआड हवी आणि तिला कुलूप किंवा खिटी हवी. फ्रिजमधली इन्शुलिन आणि अँटिबायोटिकची बाटली दाराच्या कप्प्यात नको. वरच्या फळीवर बंद डब्यात ठेवावी. शेतीची औषधे घराबाहेर, कुलपाच्या खोलीत, मूळ डब्यातच. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नये, क्लोरिन वायू सुटतो. रिकामी कीटकनाशकाची बाटली भोक पाडून टाकावी. कालबाह्य औषधे २०१६च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात धरली. ओला-सुका वेगळा करण्याची सवय पणजीकरांना आहेच, हा तिसरा भाग त्यांनी विसरू नये. आणि पुष्कळ अपघात वस्तू साठवलेली असताना होत नाहीत, ती वापरात असताना होतात: फरशी पुसताना फोन वाजतो, बाटली उघडी राहते. चवथीला वाड्यावर सगळे कुटुंब जमते तेव्हा पाहुण्यांच्या पिशव्या खाटेवर पडलेल्या असतात आणि त्यांत गोळ्या असतात. यजमानीणबाईंनी त्या पिशव्या स्वतः उचलून वर ठेवाव्यात, कोणाला राग आला तरी.

एवढे करूनही घडलेच, तर उलटी करवू नये. रॉकेल किंवा टर्पेंटाइन उलटताना फुप्फुसात शिरते आणि चमचाभरही न्यूमोनिया करते; ॲसिड आणि कॉस्टिक अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतात. मिठाचे पाणी पाजणे तर स्वतंत्र विषबाधाच आहे. उलटीसाठी एके काळी घरोघर ठेवले जाणारे आयपेकॅक सिरप ठेवू नये, असे अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००३ साली सांगितले. तोंडातले उरलेले काढावे, कपडे बदलावेत, डोळ्यात किंवा अंगावर उडाले असल्यास वाहत्या पाण्याने १५ ते २० मिनिटे धुवावे. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर निजवावे आणि तोंडाने काहीही देऊ नये. मूल खेळते आहे म्हणून थांबू नये. लोह, पॅरासिटामॉल आणि फॉस्फरस यांत मध्ये काही काळ ते बरे दिसते.

पेडण्याहून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जायला तासाभराचा वेळ लागू शकतो, म्हणून १०८ ला आधी फोन करावा आणि जवळच्या सरकारी केंद्रात प्राथमिक उपचार घेऊन पुढे जावे. दोडामार्ग-सावंतवाडीकडची मुलेही बांबोळीलाच येतात. जाताना बाटली, पट्टी किंवा डबा, उरलेल्या गोळ्या आणि किती वाजता घडले याची नोंद सोबत न्यावी. डॉक्टरांचा निम्मा वेळ त्याने वाचतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. ते रात्रंदिवस चालते, त्याचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे, आणि तो क्रमांक आजच फ्रिजच्या दारावर लिहून ठेवावा.