अनोळखी शिखरांचा शोध



स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ सोरेन येन्सेन यांनी १९६४ साली वन्य जीवांच्या शरीरातील डीडीटीचे प्रमाण मोजण्यास आरंभ केला. गॅस क्रोमॅटोग्राफ या उपकरणाच्या आलेखावर प्रत्येक द्रव्य शिखराच्या रूपाने उमटते. डीडीटीच्या शिखरांशेजारी काही अनोळखी शिखरेही वारंवार दिसू लागली. उपकरणाचा दोष मानून ती सोडून देणे सोपे होते. येन्सेन यांनी तसे केले नाही.

संग्रहालयात जपलेली समुद्रगरुडाची जुनी पिसे त्यांनी तपासली. १९४४ सालच्या पिसांतही ते द्रव्य आढळले. डीडीटीचा सार्वत्रिक वापर त्यानंतरचा. तेव्हा हे द्रव्य निराळेच असले पाहिजे. १९६६ साली त्याची ओळख पटली. विजेच्या ट्रान्स्फॉर्मरमधील तेलासाठी १९२९ पासून कारखान्यांत तयार होणारे ते पीसीबी होते. येन्सेन यांच्या तान्ह्या मुलीच्या केसांतही ते सापडले.

पीसीबी पाण्यात जेमतेम विरघळते, चरबीत मात्र साठून राहते आणि सहजासहजी विघटन पावत नाही. म्हणूनच पाण्यातील त्याचा अत्यल्प अंश माशांत व मासे खाणाऱ्या गरुडांत, सीलमध्ये अनेक पटींनी वाढत जातो. बाल्टिक समुद्रातील सील माद्यांच्या वंध्यत्वाशी त्याचा संबंध पुढे जोडला गेला. २००१ च्या स्टॉकहोम कराराने त्याच्या उत्पादनावर जागतिक बंदी आणली. पूर्वी मिसळलेले पीसीबी मात्र अद्याप निसर्गात आहे.

प्रयोगवहीत अपेक्षेबाहेरचा आकडा आला की तो खोडण्याचा मोह आपणा सर्वांना झालेला आहे. त्या क्षणी खोडरबर बाजूला ठेवणे, हीच विज्ञाननिष्ठा होय.