बालवयातील तीव्र अपस्मार : समज आणि गैरसमज

अपस्माराला आपल्याकडे फिट, फेफरे, आकडी, मिरगी अशी अनेक नावे आहेत. नावे अनेक असली तरी आजार एकाच अवयवाचा, म्हणजे मेंदूचा आहे. मेंदूतील पेशी सूक्ष्म विद्युत संदेशांनी आपले काम करतात. हे संदेश एकाएकी अनावर झाले की झटके येतात. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. वेळीच निदान व औषधोपचार झाल्यास त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मात्र काही बालकांचा अपस्मार सहजासहजी आटोक्यात येत नाही. अशाच एका आजाराची माहिती आम्ही येथे देत आहोत.

फ्रान्समधील डॉ. शार्लोत द्रावे यांनी १९७८ साली या आजाराचे वर्णन केले. त्यांच्या नावावरून त्याला द्रावे सिंड्रोम म्हणतात. आपल्याकडे काही डॉक्टर ‘ड्रॅव्हेट’ असाही उच्चार करतात. हा आजार दुर्मिळ आहे. अमेरिकेतील एका पाहणीत सुमारे १५,७०० बालकांमागे एकाला तो आढळला.

बाळ जन्मतः निरोगी असते. हसते, मान धरते, पालथे पडते. पाच ते आठ महिन्यांच्या सुमारास ताप येतो आणि पहिली फिट येते. तापातली साधी आकडी शंभरातील दोन ते पाच मुलांना येते. ती बहुधा काही मिनिटांत थांबते आणि मूल पुढे व्यवस्थित वाढते. त्यामुळे तापात एकदा आकडी आली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु फिट दहा-पंधरा मिनिटे किंवा त्याहूनही अधिक चालली, शरीराच्या एकाच बाजूला आली, पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूला आली, वर्षाच्या आत पुनःपुन्हा आली, थोड्याशा तापाने किंवा नुसत्या गरम पाण्याच्या आंघोळीनेही आली, तर मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवलेच पाहिजे. आपल्याकडे तान्ह्या बाळाला कढत पाण्याने न्हाऊ घालून शेक-धुरी देण्याची पद्धत आहे. अशा बाळासाठी ती टाळावी. दुसऱ्या वर्षापासून यांतील बहुतेक मुलांचे बोलणे, चालणे व समज मागे पडू लागते.

असे का होते? मेंदूत संदेश पुढे नेणाऱ्या पेशी असतात, तशाच त्यांना आवर घालणाऱ्याही असतात. गाडीला ब्रेक असावा तसे त्यांचे काम. एससीएन१ए नावाच्या जनुकात दोष असला की हा ब्रेक ढिला पडतो. हा संबंध २००१ साली उघडकीस आला. बहुतेक मुलांत हा दोष आई-वडिलांकडून आलेला नसतो. तो त्या बाळातच नव्याने निर्माण झालेला असतो.

ही गोष्ट प्रत्येक घराने समजून घ्यावी असे आम्हाला वाटते. कारण बाळाला फिट आली की पहिला दोष आईला दिला जातो. तिने काय खाल्ले, ती कुठे गेली, कोणाची नजर लागली, याची चौकशी सुरू होते. मग अंगारे-धुपारे, गंडे-दोरे आणि बाहेरची बाधा काढणारे यांत पैसाही जातो आणि मोलाचा वेळही जातो. कोणी लसीला दोष देतात. लस टोचल्यावर येणाऱ्या तापात पहिली फिट येऊ शकते हे खरे. पण लसीमुळेच मेंदूला इजा झाली असे मानल्या गेलेल्या १४ रुग्णांची तपासणी संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांतील ११ जणांत याच जनुकाचा दोष सापडला. भावंडांची लग्ने अडतील या भीतीने काही घरे आजारच लपवतात. वास्तविक १९९९ साली संसदेने हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांतून अपस्माराची अट काढून टाकली आहे. आपल्या बौद्ध समाजालाही ते लागू आहे.

निदानाचे महत्त्व औषधांमुळे अधिकच वाढते. कार्बामाझेपीन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन ही इतर अपस्मारांत उपयोगी पडणारी औषधे नेमका हाच ब्रेक आणखी ढिला करतात. त्यामुळे द्रावेच्या मुलांत ती नियमित दिल्यास झटके वाढू शकतात. व्हॅल्प्रोएट, क्लोबाझाम, स्टिरिपेंटॉल ही औषधे या मुलांना देतात. रक्ताच्या नमुन्यावरून जनुकाची तपासणी करता येते. मात्र चालू असलेली कोणतीही गोळी पालकांनी स्वतःच्या मनाने बंद करू नये. तसे केल्यास जीवघेणी फिट येऊ शकते.

फिट आली असता पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१. घड्याळ पाहावे. मुलाला कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत.
२. तोंडात चमचा, बोट, पाणी किंवा औषध घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत.
३. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. त्याने फिट थांबत नाही.
४. पाच मिनिटांत फिट न थांबल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा दिला असल्यास त्यांनी सांगितल्याप्रमाणे वापरावा.
५. शक्य असल्यास मोबाईलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे.

द्रावे सिंड्रोम आज पूर्ण बरा होत नाही. झोपेत अचानक मृत्यू येण्याचा धोकाही या मुलांत इतरांपेक्षा जास्त असतो. त्यामुळे आई-वडिलांना रात्र-रात्र जागून काढावी लागते. शेजाऱ्यांनी एक रात्र सोबत केली, नातेवाइकांनी मुलाला लग्नाकार्यात बोलावले, अंगणवाडीच्या ताईंनी त्याला वर्गात बसवले, तर त्या घराचे ओझे नक्की हलके होईल. १७ नोव्हेंबर हा आपल्या देशात राष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी प्रत्येक वस्तीत वरील पाच गोष्टी मोठ्याने वाचून दाखवाव्यात, अशी आमची सर्व बंधू-भगिनींना नम्र विनंती आहे.