धुराला वाट करून द्या!

गॅस आला, तरी जळकोटकडच्या खेड्यांत भाकरी न् आंघोळीचं पाणी अजून कितीतरी घरी चुलीवरच होतं. चूल म्हटली की धूर आलाच, असं म्हणून डोळे पुसत बसायचं का? 1980 च्या दशकात सरकारने निर्धूर चुलींची मोहीम काढली. पण नळी काजळीने तुंबली, की तीही चूल धुरकटतेच. तेव्हा भगिनींनो, पत्र्याची नळी करून घेताना स्वतः जवळ उभ्या राहा.

4 इंची नळीचा घेर साडेबारा इंच; शिवणीला 1 इंच धरून जस्ती पत्रा साडेतेरा इंच रुंद कापायला सांगा. कापलेला काठ हात चिरतो, म्हणून तो कानशीने घासून घ्यावा. वरच्या नळीचं तोंड खालच्या नळीत बसवावं, म्हणजे काजळीचं पाणी सांध्यातून बाहेर गळत नाही. माळवदाचं लाकूड तापलेल्या नळीला टेकू देऊ नये. नळी छपरावर दोन हात काढून वर टोपी बसवावी आणि महिन्यातून एकदा झाडावी.

चुलीपाशी लेकरं बसतात, म्हातारी माणसं शेकतात. त्यांच्या छातीत जाणारा धूर वर गेला, तर घर मोकळा श्वास घेईल, आणि सगळ्यांत आधी तुम्ही!