गुलाबावर ताव मारणारा भुंगेरा

जोहान्सबर्गच्या आमच्या बागेत उन्हाळा लागला की गुलाबांवर हे पिवळे-काळे भुंगेरे हमखास हजर! नाव पॅक्नोडा सिन्युआटा.

पाकळ्या, पराग, पिकलेली अंजिरं, काहीही चालतं. फुलात डोकं खुपसून बसले की बोटाने ढकललं तरी ढिम्म हलत नाहीत.

खरी गंमत उडण्यात आहे. इतर बहुतेक भुंगेरे पाठीवरची कठीण कवचं उघडून उडतात. हा ती मिटलेलीच ठेवतो, कडेच्या खाचेतून आतले पातळ पंख बाहेर काढतो आणि भुर्र!

अळ्या कंपोस्टमध्ये कुजका पाला खातात. सपाट जागी ठेवून बघा, पाय वर करून चक्क पाठीवर सरपटतात. खत त्याच करून देतात, तेव्हा कृपया मारू नका.

गुलाब प्रदर्शनात ठेवायचे असतील तर कळ्यांवर जाळीची पिशवी बांधा.